अस्थि-स्क्रू

मोडलेल्या हाडाचे तुकडे एकमेकांशी किंवा धातूची प्लेट हाडाशी आवळून धरणारे मळसूत्री साधन. ‘पायात रॉड टाकलाय’ असे सांगणाऱ्याच्या एक्स-रेत पुष्कळदा प्लेट आणि स्क्रूच निघतात.

उगमाबद्दल एकमत नाही. बहुधा १८५० च्या सुमारास फ्रान्समध्ये नोंदलेल्या दोन रुग्णांपासून सुरुवात केली जाते. त्यांपैकी शल्यचिकित्सक रिगो यांच्या रुग्णात कोपराच्या टोकाचा तुटलेला तुकडा व खालचे हाड यांत एकेक स्क्रू रोवून ते दोरीने बांधले होते. येथे स्क्रू ही नुसती खुंटी. आवळण्याचे काम दोरीचे. हॅम्बुर्गच्या कार्ल हान्समान यांनी १८८६ मध्ये प्लेट-स्क्रूंची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या स्क्रूंचे दांडे कातडीबाहेर राखलेले असत, म्हणजे काढताना पुन्हा चीर द्यावी लागत नसे. तुकडे स्क्रूनेच जुळवण्याची परंपरा मात्र लंडनचे आर्बथनॉट लेन (१८९० चे दशक) व अँटवर्पचे आल्बँ लांबोत यांच्यापासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. बेल्जियमच्या रोबेर दानिस यांनी १९४९ च्या ग्रंथात तुकड्यांमधील दाबावर भर दिला. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या ‘एओ’ या शल्यचिकित्सकांच्या गटाने तो विचार ठरावीक मापांच्या हत्यारांत उतरवला.

हा दाब स्क्रूपेक्षा भोकावर अवलंबून असतो. ४.५ मिमी. स्क्रूसाठी हाडाच्या जवळच्या कवचात (बाहेरच्या टणक थरात) ४.५ मिमी.चे, तर पलीकडच्या कवचात ३.२ मिमी.चे भोक पाडतात व तेथेच टॅपने (आटे कापणाऱ्या हत्याराने) आटे पाडतात. जवळच्या भोकात आटे अडकत नाहीत. माथा टेकला की पलीकडचा तुकडा ओढला जातो. दोन्हीकडे ३.२ मिमी.चेच भोक पाडले, तर आटे दोन्ही तुकड्यांना धरतात आणि स्क्रू कितीही पिळला तरी मधली फट तशीच राहते. सांध्यालगतच्या जाळीदार हाडासाठी ६.५ मिमी.चा, रुंद आट्यांचा स्क्रू असतो. आटे फक्त टोकाकडे असतील तर ते सगळे भंगरेषेपलीकडे जावे लागतात.

मनगटातील नौकाकृती हाडासाठीच्या हर्बर्ट स्क्रूला माथा नसतो. लगतच्या आट्यांमधील अंतर दोन्ही टोकांना वेगवेगळे असल्याने तुकडे जवळ येतात. लॉकिंग स्क्रूचा माथा प्लेटच्या आट्यांत बसतो; ठिसूळ हाडात तो उपयोगी, पण तुकडे जवळ ओढणे हे त्याचे काम नव्हे.

स्क्रू काढताना माथ्याच्या षट्कोनी खाचेत भरलेले ऊतक आधी टोकदार आकड्याने साफ करतात. नाहीतर पेचकस नीट बसत नाही व खाच झिजते.