कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ: तक्रार कुठे करायची, कधीपर्यंत आणि कोणत्या कागदांसह

२०१३ च्या कायद्याखालच्या तक्रारी बऱ्याचदा अडतात त्या तारखेवर आणि पत्त्यावर. म्हणून आधी तेच पाहू.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर मालकाने अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. वेंगुर्ल्याचा काजू कारखाना असो, रत्नागिरीतलं मासळी प्रक्रिया केंद्र असो की मालवणचं हॉटेल. "आमची कायम माणसं सहाच" हे उत्तर चालत नाही. रोजंदारीवरचे, कंत्राटी, शिकाऊ, बायका-पुरुष सगळे मोजायचे. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा हवा. हा बाहेरचा सदस्य बहुतेकांकडे नसतो. मालकाच्या भावजयीचं नाव घालून भागत नाही. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. तालुक्याला तक्रारी स्वीकारणारा नोडल अधिकारी असतो. त्याने तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवायची असते. "इथे घेत नाही" म्हणाला तर तेच लेखी मागा.

मुदत तीन महिन्यांची. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून मोजायची. आंब्याच्या शेडमध्ये एप्रिलच्या मध्यावर काही घडलं, मेअखेर हंगाम संपला, बाई गावी गेली, तर जुलैच्या मध्याला मुदत संपते आणि तोवर नुसता पाऊस झालेला असतो. उशीर झालाच तर कारण लिहून द्या. समितीला पटलं तर ती कारण नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते.

तक्रार लेखी, सहा प्रतींत, सोबत जवळचे पुरावे, साक्षीदारांची नावं-पत्ते. एकच प्रत नेली की परत पाठवतात, तेव्हा झेरॉक्स आधीच काढा. नेमणूकपत्र नसलं तरी घाबरू नका. हजेरीची नोंद, पगाराचा मेसेज, मुकादमाचे व्हॉट्सॲप संदेश जोडा. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, उपकार नव्हेत. पोहोच घेतल्याशिवाय मात्र निघू नका.

पुढे समिती सात कामकाजाच्या दिवसांत प्रत समोरच्याला देते, त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशी ९० दिवसांत. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. मागितल्याशिवाय कोणी सुचवत नाही.

"गावातच मिटवून टाका" हा सल्ला हमखास येतो. समेट फक्त तक्रारदार बाईने स्वतः मागितला तरच, चौकशी सुरू होण्याआधी, आणि पैशांच्या मोबदल्यावर अजिबात नाही. अहवालानंतर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची. शिफारशी मान्य नसतील तर अपिलाला ९० दिवस आहेत.