प्रतिपालकत्व प्रशिक्षण

आईवडिलांपाशी राहू न शकणारे मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांची, आणि अशा मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी व संस्थांतल्या कार्यकर्त्यांची तयारी करून घेण्याची पद्धत. या व्यवस्थेला कार्यकर्ते बोलताना सर्रास ‘फॉस्टर केअर’च म्हणतात, शासकीय कागदांत ‘प्रतिपालकत्व’ हा शब्द आढळतो. दत्तक आणि प्रतिपालकत्व यांत लोकांची नेहमी गल्लत होते, म्हणून ती आधी दूर करावी लागते. दत्तक गेलेले मूल कायद्याने कायमचे त्या घरचे होते. प्रतिपालकत्वात मुलाचे जन्मदात्यांशी असलेले नाते तसेच राहते आणि घरची परिस्थिती सावरली की मूल परत जाऊ शकते. सांभाळणाऱ्याने जीव लावायचा आणि वेळ आली की सोडायचेही. प्रशिक्षणाचा सगळा भार या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

भारतात या व्यवस्थेला आधार आहे तो बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 याच्या कलम 44 चा. काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल कोणत्या कुटुंबात ठेवायचे, याचा आदेश बाल कल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. कुटुंबाची गृहभेट, चौकशी अहवाल, मूल आणि घर एकमेकांना साजेसे आहेत का हे पाहणे, ही कामे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असतात. भावंडांची शक्यतो ताटातूट करू नये, कुटुंबाची दरमहा पाहणी व्हावी, आणि समितीने दत्तकयोग्य ठरवलेले मूल दीर्घकाळ प्रतिपालकत्वात ठेवू नये, असे हे कलम सांगते. 2016 साली केंद्राने आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि 2024 मध्ये ती सुधारली. सुधारित तत्त्वांनुसार अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित व्यक्तीलाही प्रतिपालक होता येते. मात्र एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. मूल सांभाळल्यावर त्याला दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे, आता ही मुदत दोन वर्षांची आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेतून अशा मुलासाठी महिन्याला 4,000 रुपये मिळतात.

कायदा एका बैठकीत समजावून सांगता येतो. मुलाच्या मनाचे तसे नाही. पालकांच्या शिबिरात बऱ्याच ठिकाणी एक साधा खेळ घेतात. प्रत्येकाला पाच कोऱ्या चिठ्ठ्या देऊन आयुष्यातल्या पाच मोलाच्या गोष्टी लिहायला सांगतात. कुणी आई लिहिते, कुणी घर, कुणी शेत, कुणी मैत्रीण, कुणी रोजची पूजा. मग प्रशिक्षक फिरत फिरत येतो आणि न विचारता एक चिठ्ठी काढून घेतो. थोड्या वेळाने आणखी दोन. शेवटी हातात एखादीच उरते. आधी हसणारी खोली गप्प होते. आपल्या दारात येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलाच्या सगळ्या चिठ्ठ्या याच रीतीने गेलेल्या असतात आणि त्यालाही कुणी विचारलेले नसते, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

यापुढचा भाग वागणुकीचा. पोटभर जेवलेले मूल उशीखाली पोळी लपवते. दहा वर्षांची मुलगी रात्री अंथरूण ओले करते आणि सकाळी चादर दडवून ठेवते. एखादा मुलगा पहिले पंधरा दिवस अगदी गुणी वागतो आणि सोळाव्या दिवशी ताट भिरकावतो. घरातले वडीलधारे याला चोरी, आळस, उद्धटपणा अशी नावे देतात, आणि ‘एक ठेवून दिली की सरळ होईल’ हा सल्ला शेजारून फुकट मिळतो. प्रशिक्षणात शिकवतात ते असे : जे मूल उपाशी झोपले आहे, ते उद्याची सोय आजच करून ठेवते. पोळी हिसकावू नये. झाकणाचा एक डबा द्यावा, त्यात रोज काही तरी खाऊ ठेवावा आणि तो त्याचाच आहे हे सांगावे. डबा कधीच रिकामा राहत नाही याची खात्री पटली की उशीखालची पोळी आपोआप थांबते. ताट भिरकावणारा मुलगा बहुधा एवढेच तपासत असतो की, मी वाईट वागलो तर हेही मला परत पाठवतील का. मारणे वर्ज्य असते ते केवळ नियम म्हणून नव्हे. मार खाऊनच आलेल्या मुलाला मारले की त्याच्या लेखी हे घर आणि मागचे घर यांत काही फरक उरत नाही.

सगळ्यांत अवघड धडा जन्मदात्यांच्या भेटीचा. समितीला मुलाच्या हिताविरुद्ध वाटत नसेल, तर आईवडील ठरावीक काळाने मुलाला भेटू शकतात. भेटीनंतर मूल दोन दिवस नीट जेवत नाही, चिडते, आणि प्रतिपालक आई म्हणते, ‘या भेटी बंदच करा.’ तिचा कळवळा खरा असतो. पण मुलासमोर त्याच्या आईला नावे ठेवली की घाव मुलालाच बसतो, कारण ते स्वतःला तिचाच अंश मानते. आपल्याकडे यशोदेचे उदाहरण लगेच दिले जाते, आणि ते चपखलही आहे. फक्त लोणी-दह्यापाशी न थांबता कृष्ण मथुरेला निघतो तिथपर्यंत ते न्यायला हवे. निरोपासाठी म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही ठेवायला सांगतात : मूल कधी आले, त्याचा कुठला दात कधी पडला, शाळेत कोण मित्र झाला, त्याला कुठली भाजी आवडली. मूल जाताना ती वही त्याच्यासोबत जाते. अनेक घरे बदललेल्या मुलाला आपल्या बालपणाबद्दल सांगणारे माणूसच उरत नाही. ती जागा ही वही भरून काढते.

कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण वेगळ्या धाटणीचे असते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), संस्थाबाह्य काळजीचे, म्हणजे बालगृहाऐवजी कुटुंबात राहणाऱ्या मुलांचे काम पाहणारे, संरक्षण अधिकारी, समुपदेशक, बालगृहातले काळजीवाहक या सगळ्यांना अहवाल लिहावे लागतात, आणि ‘मूल आनंदी आहे, घर स्वच्छ आहे’ अशा अहवालातून समितीला काहीच कळत नाही. दिसले ते लिहा, हा पहिला नियम : मूल कुठे झोपते, दप्तर कुठे ठेवते, घरात त्याला कोण काय म्हणून हाक मारते, आपल्याशी एकट्याने बोलताना ते दाराकडे बघत होते का. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर 2012 च्या पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या, कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलाला खोदून खोदून विचारायचे नाही, आपले शब्द त्याच्या तोंडी घालायचे नाहीत. त्याचे शब्द जसेच्या तसे टिपायचे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 मुळे मुलाची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे वाढदिवसाचा फोटो कौतुकाने व्हॉट्सॲपच्या गटावर टाकणेही चूकच. असे काम करणारी माणसे रोज जे ऐकतात ते घरी घेऊन जातात. त्यांच्या थकव्यासाठी प्रशिक्षणात अर्धा दिवसही नसणे हे मला मोठे उणे वाटते.

या विषयात बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा ‘संवाद’ हा उपक्रम महत्त्वाचा आहे. मुलांचे मानसिक आरोग्य आणि बालसंरक्षण यांची सांगड घालून तो देशभरातल्या कार्यकर्त्यांना शिकवतो. महाराष्ट्रात समाजकार्याच्या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1936 ची, निर्मला निकेतन 1955 चे आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था 1963 ची. संकटातल्या मुलांसाठीची चाइल्डलाइन 1098 ही दूरध्वनी सेवाही 1996 मध्ये मुंबईत, टाटा संस्थेतूनच सुरू झाली.

परदेशांत कुटुंबांच्या प्रशिक्षणाला ठरीव रूप आले आहे. अमेरिकेत मूल घरी येण्यापूर्वीचे प्रशिक्षण ही प्रतिपालकांच्या मान्यतेची नेहमीची पायरी असून तासांचे प्रमाण राज्यागणिक बदलते. ‘प्राइड’ आणि ‘मॅप’ हे तिथले रुळलेले अभ्यासक्रम. इंग्लंडमध्ये मान्यता मिळाल्यापासून 12 महिन्यांत ठरावीक मानके पूर्ण करावी लागतात. नातेवाईक असलेल्या प्रतिपालकांना त्यासाठी 18 महिने मिळतात. कुटुंब का हवे, याचा ठोस पुरावा रोमानियातून आला. बुखारेस्टमध्ये या शतकाच्या आरंभी संस्थांतल्या 136 लहानग्यांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक घरांत ठेवले गेले. त्या घरांना सामाजिक कार्यकर्त्यांचा सतत आधार होता. संस्थेत राहिलेल्यांपेक्षा घरी गेलेल्या मुलांची वाढ, बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती सरस ठरली, आणि जितक्या लवकर घर मिळाले तितका फायदा अधिक झाला.

महाराष्ट्राचा ओढा मात्र बराच काळ संस्थांकडे राहिला. 1924 चा मुंबई बालक कायदा, 1927 ची चिल्ड्रन्स एड सोसायटी ही बालगृहे चालवणारी संस्था, मुंबईतली डोंगरी आणि मानखुर्दची बालगृहे, असा हा इतिहास आहे. दुसऱ्या अंगाने राज्याची बालसंगोपन योजना मुलांना घरीच ठेवण्यासाठी मदत करते. 2023 मध्ये तिला क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि मासिक रक्कम 1,100 वरून 2,250 रुपये झाली. एक पालक गमावलेली किंवा आजी, मामा, मावशीकडे वाढणारी मुलेही या योजनेत बसतात. आपल्याकडे प्रतिपालक म्हणजे बहुधा हीच माणसे, आणि प्रशिक्षणाच्या यादीत नाव नसते ते यांचेच. सत्तरीतली आजी नातवाला सांभाळत असते तेव्हा ती स्वतःही आपला मुलगा गमावलेली आई असते. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून पडद्यावर तक्ते दाखवण्यात अर्थ नाही. तिच्याच गावातल्या अंगणवाडीत, तिच्यासारख्या चार-पाच जणींना घेऊन, दर महिन्याला दोन तास कुणीतरी बसायला हवे. नातू रात्री का दचकतो, आणि त्याने बापाची आठवण काढली तर विषय बदलायचा की त्याच्यासोबत रडायचे, हे ती तिथे विचारू शकेल.