विद्यापीठांचे रंगमंच आणि ‘सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य’ : पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या नाट्यगृहांचा हंगाम सप्टेंबरला उघडतो आणि परीक्षा आल्या की मेमध्ये मिटतो. सिंफनी, कथक, जाझ, कठपुतळ्या हे सगळे आज त्याच्या एकाच पत्रिकेवर दिसते, पण ही सरमिसळ फार जुनी नाही, आणि ती व्हिसाच्या नियमातल्या ‘सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य’ या शब्दांवरही टेकलेली आहे. मिशिगनमध्ये ॲन आर्बरला १८७९ साली चर्चमधल्या गायकवृंदांतून एक संगीत संस्था उभी राहिली आणि १९१३ साली तिथे मोठे सभागृहही झाले. तरी पुढची कित्येक दशके हंगाम म्हणजे प्रामुख्याने युरोपीय वाद्यवृंद, पियानो आणि गायन.

चित्र पालटले ते १९६५ नंतर. कलांसाठी केंद्र सरकारचा निधी सुरू झाला, विद्यार्थी वाढले आणि विद्यापीठांत सभागृहे उभी राहिली : बर्कलीत १९६८, अर्बानात १९६९, आयोवा सिटीत १९७२. एकेक दोन ते अडीच हजार खुर्च्यांचे. तेव्हा सुमारे पन्नास हजार वस्तीच्या आयोवा सिटीत एवढ्या खुर्च्या नुसत्या सिंफनीवर भरत नव्हत्या. नृत्य, नाटक, परदेशी संच आले ते आवडीमुळे, तसेच या हिशेबामुळेही. परदेशी संचाचा विमानखर्च एकट्या सभागृहाला झेपत नाही, म्हणून शेजारची तीन-चार सभागृहे लागोपाठच्या तारखा एकत्र ठरवतात. त्यातली एक तारीख गळाली की उरलेल्यांचा हिशेब बिघडतो.

सभागृह सिंफनीसाठी बांधलेले असले की पंचाईत मंचावरही होते. ध्वनिवर्धक नसलेल्या वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंदांचा घुमारा शोभतो, पण त्याच घुमाऱ्यात तबल्याचे बोल एकमेकांत कालवतात. मग भिंतींवर मखमली पडदे सोडायचे आणि माइकचा आवाज वाढवण्याऐवजी कमी करायचा. कथकसाठी बॅलेचे व्हिनाइलचे आच्छादन सकाळीच गुंडाळायला लावावे लागते. त्यावर अनवाणी पाय धरतो, चक्कर अडते, तत्काराचा, म्हणजे पायांनी वाजवलेल्या बोलांचा, आवाजही दबतो. उघडे लाकूड हवे, आणि त्याखाली थेट काँक्रीट नको, नाहीतर गुडघे जातात.

या सगळ्याच्या आधी कलाकार देशात यावा लागतो, आणि खरा गुंता तिथे आहे. १९९०च्या कायद्याने कलाकारांसाठी व्हिसाचे नवे वर्ग केले. पी-१ मध्ये संचाला आंतरराष्ट्रीय ख्याती लागते आणि किमान ७५ टक्के सदस्य वर्षभर तरी संचात असावे लागतात. पी-३ मध्ये ख्यातीची अट नाही, पण कला ‘सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य’ असावी लागते. नियमातली व्याख्या अशी, की ती शैली एखाद्या देशाची, समाजाची, वर्गाची, वंशाची, धर्माची, जमातीची ‘किंवा इतर जनसमूहाची’ स्वतःची असावी. भारतातून जाणाऱ्या शास्त्रीय आणि लोककलेच्या संचांना हाच दरवाजा सोयीचा.

शब्द साधे वाटतात, पण अधिकाऱ्यांनी त्यांचा अर्थ ‘पारंपरिक’ आणि ‘शुद्ध’ असा घेतला. अर्जेंटिनातला एक वाद्यवृंद पूर्व युरोपीय ज्यूंचे क्लेझ्मर संगीत लॅटिन अमेरिकी लयींत वाजवत असे. कॅलिफोर्नियातल्या एका सांस्कृतिक केंद्राने त्याला बोलावले आणि त्याच्यासाठीचा पी-३चा अर्ज फेटाळला गेला. कारण असे, की दोन संस्कृतींचे मिश्रण कुठल्याच एका संस्कृतीचे अनन्य असू शकत नाही. हे तर्कट मुळातच चुकीचे होते. अर्जेंटिनात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या ज्यूंची संस्कृती म्हणजेच ते मिश्रण. आपल्याकडे १८८०च्या संगीत नाटकात कर्नाटकी चाली, लावणी आणि कीर्तन एकत्र आले. त्या कसोटीवर नाट्यसंगीतही मराठी ठरले नसते, आणि तियात्र हा कोकणी नाट्यप्रकारही गोव्याचा ठरला नसता.

मे २०१२ मध्ये अपील कार्यालयाचा निकाल आला, आणि तो असे अर्ज तपासणाऱ्या सर्व कार्यालयांवर बंधनकारक केला गेला. अनन्य म्हणजे पारंपरिकच असे नाही. दोन किंवा अधिक संस्कृतींच्या संकरातून घडलेली शैलीही त्यात बसते. आज हंगामाच्या पत्रिकांवर फ्यूजन निर्धास्तपणे छापले जाते, त्यामागे हा निकाल आहे. त्याचे श्रेय बहुतेक वेळा आयोजकांच्या रसिकतेला दिले जाते.

निकालाने पुराव्याचे ओझे मात्र अर्जदारावरच ठेवले. ‘हे थोर कलाकार आहेत’ एवढे लिहिलेले तज्ज्ञाचे पत्र कुचकामी. शैली कोणत्या समूहाची, तिच्यातले काय कुठून आले आणि ते त्या समूहाचे कसे झाले, हे पत्रात हवे, आणि लिहिणाऱ्याला ते कशावरून ठाऊक, हेही हवे. सोबत करार, दौऱ्याच्या तारखा आणि अमेरिकी कामगार संघटनेचे सल्लापत्र. सगळेच कार्यक्रम त्या कलेचे असावे लागतात. दोन प्रयोगांच्या मध्ये बॉलिवूड गाण्यांची एक संध्याकाळ घुसडली की अख्खा अर्ज धोक्यात येतो.

अर्ज कार्यक्रमाच्या फार तर वर्षभर आधी करता येतो. आयोजक बारा ते अठरा महिने आधी हंगाम ठरवतात, त्यामुळे पत्रिका छापून होते तेव्हा व्हिसा बहुधा हातात नसतो. एप्रिल २०२४ पासून शुल्क वाढले आणि एका अर्जावर २५ नावांचीच मर्यादा आली. तीस जणांच्या लोककला पथकाला आता दोन अर्ज, दोन शुल्के. प्रकाशयोजनाकार आणि ध्वनितंत्रज्ञ कलाकारांच्या अर्जात बसतच नाहीत, त्यांचा साहाय्यकांचा अर्ज वेगळा. तो कलाकारांच्या अर्जाबरोबर एकाच पाकिटात पाठवावा. मागून पाठवला की संच पोचतो आणि त्याचे दिवे कोणीतरी परका माणूस कागद बघून लावतो.