अडीच कोटी दिव्यांची लावणी

दरवर्षी जानेवारीत लास वेगास येथे सीईएस हे ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे प्रदर्शन भरते आणि त्याआधीचे तीन-चार आठवडे अफवांच्या हंगामाचे असतात. १९६७ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या प्रदर्शनात यंदा कोणती कंपनी काय मांडणार, याची भाकिते वार्षिक राशिभविष्याच्याच चालीने लिहिली जातात : ‘मोठी घोषणा अपेक्षित’, ‘लवकरच बाजारात’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’. कोणतीही घोषणा झाली तरी भाकीत खरे ठरावे इतकी त्यांची भाषा सैल असते. या भाकितांमध्ये गेली अनेक वर्षे एक वाक्य हमखास आढळते, ते म्हणजे मायक्रो-एलईडी टीव्ही आता सर्वसामान्यांच्या घरात येणार. ते वाक्य दर वर्षी पुढच्या वर्षावर का ढकलले जाते, याचे उत्तर एका अत्यंत सुंदर भौतिकीत दडलेले आहे.

आधी नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. ज्याला आपण सर्रास ‘एलईडी टीव्ही’ म्हणतो, तो खरे तर एलसीडी टीव्ही असतो. त्यात चित्र उमटवण्याचे काम द्रवस्फटिकांचा पडदा करतो आणि एलईडी फक्त त्याच्या मागून उजेड पुरवतात. मिनी-एलईडीमध्ये हे मागचे दिवे लहान आणि संख्येने अधिक असतात, इतकेच. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅमसंगने ११५ इंची ‘मायक्रो आरजीबी’ टीव्ही जाहीर केला, त्यातही लाल, हिरवे व निळे सूक्ष्म दिवे एलसीडी पडद्याच्या मागेच आहेत. नावात ‘मायक्रो’ आले की बातमीदार गडबडतात आणि जाहिरात विभागाला ते मुळीच गैरसोयीचे नसते.

खऱ्या मायक्रो-एलईडी पडद्यात द्रवस्फटिक नसतातच. प्रत्येक चित्रबिंदू म्हणजे लाल, हिरवा व निळा असे तीन स्वतंत्र दिवे, प्रत्येकाची रुंदी १०० मायक्रोमीटरपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा कमी. काळा रंग हवा तेथे दिवा विझतो. ही कल्पना नवी नाही. कॅन्सस स्टेट विद्यापीठातील होंगशिंग जियांग आणि जिंगयू लिन यांच्या गटाने २००० साली असे सूक्ष्म दिवे बनवले होते. सोनीने २०१२ च्या सीईएसमध्ये ५५ इंची पडदा मांडला, त्यात सुमारे ६२ लाख दिवे होते. २०१८ मध्ये सॅमसंगने १४६ इंचांची ‘द वॉल’ उभी केली.

आता गणित पाहू. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४०० चित्रबिंदू असतात, त्यामुळे दिवे २,४८,८३,२०० लागतात. एका सेकंदाला एक दिवा या वेगाने ते बसवत गेल्यास रात्रंदिवस काम करूनही बरोबर २८८ दिवस लागतील, तेही एका टीव्हीसाठी.

हे दिवे मुळात पडद्यावर तयारच होत नाहीत. निळे व हिरवे दिवे गॅलियम नायट्राइडचे असतात आणि त्याचे थर सहसा नीलमण्याच्या गोल चकतीवर वाढवले जातात. चकतीवर दिवे शक्य तितके दाट बसवलेले असतात. उलट ६५ इंची फोर-के पडद्यावर शेजारच्या दोन चित्रबिंदूंमध्ये सुमारे ०.३७ मिलिमीटर अंतर लागते. म्हणजे दाट उगवलेली रोपे उपटून विरळ लावायची आहेत, आणि रोप डोळ्यांना जेमतेम दिसणारे आहे. इतक्या लहान वस्तूला चिमट्याने उचलले तरी ती सुटत नाही, कारण या आकाराला वजन नगण्य असते आणि पृष्ठभागांमधील चिकटपणा वरचढ ठरतो.

यावरचा एक उपाय मला विशेष आवडतो. इलिनॉय विद्यापीठातील जॉन रॉजर्स यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले की, मऊ सिलिकोन रबराचा एकच शिक्का वस्तू उचलूही शकतो आणि ठेवूही शकतो, फरक फक्त तो ओढण्याच्या वेगाचा. कागदावर चिकटवलेली चिकटपट्टी सावकाश सोलली तर बहुधा ती स्वच्छ निघते, झटक्यात ओढली तर कागदाचा पापुद्रा घेऊन येते. रबरातही तसेच घडते. त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्यांना जागा बदलायला वेळ लागतो. झटका दिल्यास सरकता सरकता त्या बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात खर्च करतात, म्हणून शिक्का व दिवा वेगळे करायला अधिक ऊर्जा मोजावी लागते. दिवा आणि त्याखालचा कठीण पृष्ठभाग यांच्या जोडात अशी साखळ्यांची ओढाताण नसल्याने तो जोड वेगाची फारशी पर्वा करत नाही. वेग आडव्या आणि विलगीकरणाची ऊर्जा उभ्या अक्षावर मांडली, तर एक रेषा जवळजवळ सपाट आणि दुसरी चढती मिळते; त्या जेथे छेदतात तो निर्णायक वेग. सेकंदाला सुमारे १० सेंटीमीटर वेगाने ओढा, दिवा शिक्क्याबरोबर येतो. सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने ओढा, दिवा खाली राहतो. ना गोंद, ना निर्वात पंप. शिक्क्यावर ठरावीक अंतरावर उंचवटे असले, की तो चकतीवरचे नेमके हवे तेवढ्या अंतरावरचे हजारो दिवे एका दमात उचलतो.

पण चुकांना येथे माफी नाही. ९९.९९ टक्के दिवे नीट बसले, तरी सुमारे २,४८८ दिवे मेलेले राहतील. ९९.९९९९ टक्क्यांवर पोहोचलो तरी २५ उरतात, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर एक मेलेला बिंदूही डोळ्यांत खुपतो. मग प्रत्येक दोष शोधा, तो दिवा काढा, नवा बसवा. शिवाय दिवा लहान केला की त्याच्या कडा महाग पडतात. १०० मायक्रोमीटरचा चौरस १० मायक्रोमीटरचा केला, तर क्षेत्रफळाच्या मानाने कडेचे प्रमाण दहापट होते. कापलेल्या कडेवरील दोषांपाशी इलेक्ट्रॉन व होल (म्हणजे इलेक्ट्रॉन नसलेली रिकामी जागा) प्रकाश न देताच एकत्र येतात आणि वीज वाया जाते. फॉस्फाइडच्या लाल दिव्यांना याचा फटका निळ्यांपेक्षा जास्त बसतो.

म्हणून प्रदर्शनातला पडदा आणि विक्रीचा पडदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी एक नमुना पुरतो, त्यातला प्रत्येक मेलेला दिवा तंत्रज्ञ हाताखालून घालू शकतात. दुसऱ्यासाठी तीच अचूकता हजारो वेळा, परवडेल अशा वेगाने साधावी लागते. सोनीच्या २०१२ च्या नमुन्यामागचे तंत्र २०१६ मध्ये पुन्हा अवतरले ते व्यावसायिक भिंतींसाठी, दिवाणखान्यासाठी नव्हे. ॲपलने २०१४ मध्ये लक्सव्ह्यू ही मायक्रो-एलईडी कंपनी विकत घेतली, तेव्हापासून अशा पडद्याचे घड्याळ ‘पुढच्या वर्षी’ येणार होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एएमएस ओसराम या दिवे बनवणाऱ्या कंपनीने आपला मायक्रो-एलईडीचा पायाभूत प्रकल्प ग्राहकाने अनपेक्षितपणे रद्द केल्याचे जाहीर केले. ग्राहकाचे नाव तिने सांगितले नाही, बाजाराने मात्र ते लगेच ओळखल्यासारखे केले आणि तिचा समभाग कोसळला.