नेट स्लो चालतंय की मधेच तुटतंय? आधी घरात काय बघायचं

दापोली, हर्णै, आंजर्ले, मुरुड, कर्दे या पट्ट्यातल्या आमच्या ब्रॉडबँड ग्राहकांसाठी

आमच्याकडे जे फोन येतात त्यात बऱ्याचदा एकच वाक्य असतं, "नेट चालत नाय", आणि तेवढ्यावरून आम्हाला इथे बसून काहीच कळत नाही, कारण नेट स्लो असणं ही एक तक्रार आणि नेट तुटक चालणं ही दुसरी, दोघांची कारणं वेगळी, कधी त्यासाठी माणूस शिडी घेऊन यावा लागतो तर कधी राउटर लोखंडी कपाटामागून बाहेर काढला तरी भागतं. म्हणून हे पत्रक काढलंय. शांतपणे वाचा, घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याच्या हातात द्या. बिघाड घरातला आहे की आमच्या लाइनचा एवढं जरी कळलं तरी अर्धं काम झालं.

पॅकेट लॉस म्हणजे काय ते आधी. तुम्ही सिरीयल बघा नाहीतर यूपीआयने पैसे पाठवा, सगळा डेटा छोट्या छोट्या पॅकेट्समधून येतो-जातो. वाशीला आंब्याच्या १०० पेट्या पाठवल्या आणि ९७ च पोचल्या तर व्यापारी उरलेल्या परत मागवतो आणि पुढची गाडी जरा कमी भरा म्हणतो, डाउनलोडचं तसंच होतं, हरवलेलं पॅकेट परत मागवावं लागतं आणि समोरचा सर्व्हर आपणहून वेग कमी करतो. त्यामुळे प्लॅन १०० चा, पण पॅकेट्स गळतायत, मग स्पीड टेस्टचा आकडा एकदा ८० तर एकदा १२ असा नाचतो. व्हिडिओ कॉलला परत मागवायला वेळच नसतो, तिथे गेलं ते गेलं, म्हणून आवाज रोबोटसारखा येतो, चेहरा गोठतो, आणि ऑनलाइन इंटरव्ह्यू देणाऱ्या मुलाचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. नुसतं स्लो नेट परवडलं पण हे नाही.

अजून एक, एमबीपीएस आणि एमबी यांची गल्लत फार होते. प्लॅन १०० एमबीपीएसचा म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, आणि फाइल उतरताना दिसतात ते मेगाबाइट, ८ बिटचा एक बाइट, म्हणून साडेबारापर्यंत आकडा दिसला तर स्पीड पूर्ण मिळतोय. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस, २०२३ च्या जानेवारीपर्यंत हाच आकडा ५१२ केबीपीएस होता, पण तुम्ही पैसे प्लॅनचे भरता तेव्हा तक्रारही प्लॅनच्या आकड्यावरूनच करा, तो हक्क आहे.

पहिलं काम: वायर लावून बघा

लॅपटॉप घ्या, राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा, बाकीच्या फोनचं वायफाय पाच मिनिटं बंद ठेवा, व्हीपीएन असेल तर तोही बंद, मग स्पीड टेस्ट करा आणि सर्व्हर मुंबई किंवा पुण्याचा निवडा. वायरवर स्पीड बरोबर येतोय आणि वायफायवर येत नाही, तर लाइन ठीक आहे, बिघाड घरातल्या वायफायचा. वायरवरही कमी येतोय तर पुढे वाचा, पण एक बघा, २०० चा प्लॅन आणि आकडा ९४-९५ वर येऊन अगदी हलतच नाही असं असेल तर ते जवळपास नक्कीच केबलचं दुखणं आहे. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात, १०० पर्यंत दोन जोड्यांत भागतं, गिगाबिटला चारही लागतात, एक तार सुटली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते, नाहीतर मग राउटरचा किंवा लॅपटॉपचा पोर्टच १०० वाला असतो.

आणि आपल्याकडे ती तार सुटते कशी तेही सांगतो. समुद्राजवळच्या घरात केबलचा प्लग काढून उजेडात धरा, आतल्या आठ पिनांवर सोनेरी रंगाऐवजी हिरवट डाग दिसला तर खारी हवा लागलीय. खिडकीशी असलेल्या प्लगला हे जास्त होतं. घासत बसू नका, नवा प्लग मारून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

वायफाय आणि चिऱ्याची भिंत

आपली जुनी घरं चिऱ्याची, भिंती दीड-दीड फुटी, वर कौलं, बाजूला पडवी, आणि पडवीवर आता बहुतेक ठिकाणी पत्रा. राउटर ओटीवर टीव्हीजवळ आणि काम करणारा माणूस मागच्या पडवीत, मधे दोन भिंती आणि माजघर. पावसाळ्यात भिंती ओल धरतात आणि ओली भिंत सिग्नल अजून जास्त खाते, म्हणून "मे महिन्यात चालत होतं, आता चालत नाही" ही तक्रार खरी असते, पण दर वेळी लाइनचीच असते असं नाही. पत्रा, लोखंडी कपाट, भरलेली पाण्याची टाकी, मोठा आरसा, मासळीचा डीप फ्रीजर, यातलं काहीही मधे नको.

राउटर घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. देव्हाऱ्याच्या मागे किंवा टीव्हीच्या कपाटात कोंबू नका. वायफायची दोन नावं दिसत असतील तर ५ गिगाहर्ट्झवालं त्याच खोलीत वेगवान चालतं पण भिंत ओलांडली की पडतं, २.४ वालं लांब जातं पण हळू, साध्या जुन्या फोनवर त्यात ४०-५० च्या वर जातच नाही, त्यात फोन खराब नाही आणि आम्हीही वेग दाबलेला नाही. २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच ठेवा. स्वस्तातला रिपीटर घेऊ नका असं आम्ही कळकळीने सांगतो, एकाच बँडवर ऐकायचं आणि तेच परत बोलायचं, त्यात वेग निम्मा होतो. त्यापेक्षा आतल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावा, एकदाच खर्च होतो पण सुख लागतं. होमस्टेवाल्यांनी वाडीतल्या लांबच्या खोल्यांसाठी तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे ओढू नये, आणि उघड्यावरून तर नकोच, तिथे फायबरच टाकून घ्या.

गळती कुठे आहे ते शोधायचं

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग लिहा, जागा सोडून राउटरचा पत्ता, बहुतेकांचा १९२.१६८.१.१ असतो, परत जागा सोडून डॅश आणि त्याला चिकटून एन, मग जागा आणि १००, सगळं इंग्रजीत: ping 192.168.1.1 -n 100. शंभर पॅकेट्स राउटरपर्यंत जाऊन येतात आणि खाली किती हरवली ते शेकड्यात दिसतं. वायरवर इथे शून्यच पाहिजे आणि वेळ १ मिलिसेकंदाच्या आसपास. इथेच गळत असेल तर केबल, वायफाय नाहीतर राउटर. इथे शून्य असेल तर तीच कमांड ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर चालवा, आणि १.१.१.१ वर पण, कारण एकाच पत्त्यावरून निष्कर्ष काढू नये. राउटरपर्यंत शून्य आणि पुढे दोन्हीकडे शेकडा २-३ जातायत, तर ते आमचं काम आहे, तुम्ही अजून काही खटपट करू नका, त्या आकड्यांचा फोटो पाठवा.

काही जण ट्रेसरूटचे (पॅकेट वाटेत कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं ते ओळीने दाखवणारी चाचणी) स्क्रीनशॉट पाठवतात आणि मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले की तिथेच बिघाड आहे म्हणतात. मधले राउटर अशा चाचणीच्या पॅकेट्सना उत्तर द्यायचं मुद्दाम टाळतात, त्यांना खरी वाहतूक पुढे ढकलायची असते. शेवटच्या ओळीपर्यंत गळती पोचत नसेल तर मधले तारे सोडून द्या.

आणि पिंगची वेळ एरवी १५-२० मिलिसेकंद असते पण संध्याकाळी अचानक ३०० होते, तर आधी घरात कोण काय अपलोड करतंय ते बघा. फोनचे फोटो बॅकअप होत असतात, नाहीतर मुंबईला राहणाऱ्यांनी गावच्या घरावर बसवलेले सीसीटीव्ही दिवसरात्र क्लाउडवर व्हिडिओ चढवत असतात. अपलोड भरलं की सगळंच अडकतं, साधं पान उघडायची मागणीसुद्धा त्या रांगेत मागे उभी राहते. कॅमेऱ्याची क्वालिटी एक पायरी खाली आणा, किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायचं सेटिंग लावा.

बाहेरची लाइन

पावसात डिशचं चित्र जातं तसं फायबरमधला प्रकाश पावसाने कमी होत नाही. कमी होतो तो जॉइंटच्या डबीत पाणी शिरलं, झावळी पडून वायर ताणली गेली, वानरांनी वायरवर उड्या मारल्या, उंदराने कुरतडली किंवा घरातच कोणी ती खिळ्याला काटकोनात वाकवून बांधली तर. फायबरच्या आत काच आहे, तिला वळण मोठं द्या, चहाच्या बशीएवढं.

घरात फायबर ज्या डबीला जोडलेली असते तिच्यावर लाल एलओएस दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही, राउटर दहा वेळा बंद-चालू करून काही होणार नाही, सरळ फोन करा. दिवा हिरवा आहे पण नेट तुटतंय, तर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डबीच्या सेटिंगच्या पानावर आरएक्स पॉवर (डबीपर्यंत किती प्रकाश पोचतो) नावाचा आकडा असतो, उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर चांगलं, उणे २७ च्या आसपास गेला की गळती सुरू होते. दर ३ ने आकडा खाली गेला की प्रकाश निम्मा झाला असं धरा. हिरव्या टोकाची पिवळी किंवा पांढरी वायर स्वतः काढू नका, टोकावर धुळीचा एक कण बसला तरी प्रकाश अडतो आणि शर्टाने पुसलं तर अजून बिघडतं, आणि त्यात डोळ्याला न दिसणारा लेझर असतो, म्हणून टोकात बघायचं तर अजिबात नाही, मुलांनाही सांगून ठेवा.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आपल्या तालुक्यात पोफळी-माडांबरोबर खांब आणि वायरीही आडव्या झाल्या हे कोणाला सांगायला नको. तसं काही झालं आणि लाइन पडलेली दिसली तर हात लावू नका, तिच्याबरोबर विजेची तारही पडलेली असू शकते.

मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवा. काचेतून वीज येत नाही, येते ती अडॅप्टरमधून आणि बाहेरून ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर राउटर मधेच स्वतः बंद होऊन सुरू होतो आणि ते पॅकेट लॉससारखंच दिसतं, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस मिळतो तो घ्या, फक्त व्होल्ट अडॅप्टरवर छापलेलेच पाहिजेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त.

गणपतीत घराघरात चाकरमानी येतात, एरवी तीन फोन असलेल्या घरात पंधरा होतात आणि त्यातले दोघं ऑफिसचं कामही इथूनच करतात. घरचा वायफाय तेव्हा दमतो हे खरं, पण आमच्या मुख्य लाइनवरही भार येतो, कारण आमच्याकडच्या यंत्राच्या एका पोर्टवरची बँडविड्थ (एकूण वेग) बऱ्याच घरांत वाटलेली असते. वायर लावूनही रात्री ८ ते ११ मध्ये स्पीड अर्ध्यावर येतो आणि सकाळी ६ ला पूर्ण मिळतो असं दिसलं तर ती अडचण तुमच्या घरातली नाही. ती सहन करत बसू नका, आम्हाला कळवा, तुमच्या वाडीतल्या कोणालाही असं होत असेल तर त्यालाही कळवायला सांगा, कारण कुठल्या पोर्टवर भार आहे ते तक्रारी आल्या की पटकन सापडतं आणि घरं दुसऱ्या पोर्टवर हलवता येतात.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: ग्राहक क्रमांक, डबीवर कुठले दिवे कसे लागलेत, वायरवरचा स्पीड आणि कधी घेतला ती वेळ, राउटरपर्यंतच्या आणि ८.८.८.८ च्या पिंगमध्ये शेकडा किती गेले, आणि दोन दिवसांत घराजवळ झाड तोडणं, खोदकाम किंवा रंगकाम झालं का. नंबर बिलावर आहे. लॅपटॉप नसेल, हे काही जमत नसेल, घरात फक्त आजी-आजोबा असतील तर तसं सांगा, आमचा माणूस लॅपटॉप घेऊन येईल आणि तुमच्यासमोर तपासून दाखवेल.