निगेटिव्ह आणि प्रिंट: एका चंद्रोदयाच्या दोन बाजू

रोलच्या जमान्यात आपण सगळे एकच वाक्य बोलायचो, "रोल धुवायला टाकलाय." चार दिवसांनी स्टुडिओतून पाकीट यायचं. पुढे फोटो, मागच्या कप्प्यात नारिंगी-तपकिरी पट्ट्या. फोटो अल्बममध्ये जायचे आणि पट्ट्या कपाटात कुठेतरी. रोल धुऊन निगेटिव्ह तयार करणं हे एक काम आणि त्या निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढणं हे दुसरं, पण 'धुणं' या एका शब्दात दोन्ही गडप झाली. त्यामुळे फोटो कॅमेऱ्यातच पूर्ण होतो, अशी आपली समजूत पक्की झाली.

माझी समजूत पन्हाळ्याच्या एका फोटोने मोडली. पावसाळा सरत आला होता आणि तटावरून खालच्या शेतांवर ढग उतरलेले दिसत होते. पाकीट उघडलं तर आभाळाच्या जागी कोरा पांढरा कागद. चूक माझीच असणार, असं वाटलं. मग पट्टी खिडकीशी धरून पाहिली. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे दिसतात, म्हणून उजळ आभाळाचा भाग तिथे गडद दिसत होता आणि त्या गडदपणात ढगांची एकेक कड स्वच्छ होती. तीच पट्टी दुसऱ्या स्टुडिओत नेली आणि "आभाळ जरा दाबून काढा", म्हणजे थोडं गडद करा, एवढंच सांगितलं. या वेळी ढग आले. पहिल्या ठिकाणी मशीनने सगळ्या चौकटीची सरासरी धरून कागदाला प्रकाश दिला होता. दुसऱ्या ठिकाणी एका माणसाने निगेटिव्ह बघून तो ठरवला होता.

निसर्गचित्रं टिपणाऱ्या छायाचित्रकाराचं निम्मं आयुष्य प्रिंट काढण्याच्या या दुसऱ्या कामात जातं. अमेरिकेचे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२–१९८४) यांचं काम पाहिलं की दोन्हींमधली रेघ अगदी स्पष्ट दिसते. चौदाव्या वर्षी घरच्यांबरोबर कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत गेले तेव्हा त्यांच्या हातात साधा बॉक्स कॅमेरा आला आणि पुढे ती दरी त्यांना आयुष्यभर पुरली. त्यांचीच दोन काळी आभाळं शेजारी ठेवून पाहू.

पहिलं १९२७ सालच्या एप्रिलमधलं. योसेमिटीतल्या हाफ डोमच्या उभ्या कड्यासमोर अ‍ॅडम्स पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ काचेच्या दोनच प्लेटी (फिल्मऐवजी वापरायच्या काचा, एका फोटोला एक) उरल्या होत्या. एक त्यांनी पिवळा फिल्टर लावून खर्ची घातली. मग जाणवलं, की कड्याचा जो दरारा आपल्याला वाटतोय तो यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटीसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल काच निळा प्रकाश अडवते, म्हणून आभाळाचा प्रकाश प्लेटीपर्यंत फारसा पोहोचलाच नाही. निगेटिव्हमध्ये तो भाग जवळजवळ पारदर्शक राहिला आणि कागदावर काळाभोर उतरला. हे आभाळ काळं झालं ते निगेटिव्हवर, कड्यासमोर उभं असतानाच.

दुसरं १ नोव्हेंबर १९४१ च्या संध्याकाळचं. मुलगा आणि एक मित्र यांच्यासह अ‍ॅडम्स मोटारीने सांता फेकडे परतत होते. वाटेत न्यू मेक्सिकोतलं हर्नांडेझ हे खेडं लागलं. पूर्वेला चंद्र वर आलेला, आणि मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर अगदी शेवटचं टेकलेलं. गाडी थांबवून मोठा ८ बाय १० इंची कॅमेरा घाईघाईने उभा केला, तर प्रकाश मोजायचा लाइट मीटर सापडेना. पण चंद्राची तेजस्विता किती, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून हिशेब करून एफ/३२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान ठेवून, एक सेकंद, असा फोटो घेतला. दुसरा घेण्यासाठी फिल्म होल्डर (दोन्ही बाजूंना फिल्म असलेली चौकट) उलटवेपर्यंत क्रूसांवरचं ऊन निघून गेलं. म्हणजे उरलं एकच निगेटिव्ह. (अ‍ॅडम्सना तारखा लक्षात राहत नसत. ही तारीख पुढे चंद्राच्या स्थानावरून गणित मांडून काढली गेली.)

ते निगेटिव्ह सोपं नव्हतं. खालचा घरं-क्रूसांचा भाग पातळ, म्हणजे फारच फिका, आला होता. १९४८ मध्ये त्यांनी तेवढाच भाग रसायनाने दाट करून घेतला. आणि आभाळ? सुरुवातीच्या प्रिंटांमध्ये ते करडं आहे, वर ढगांचे फिकट पट्टे आहेत. वर्षं गेली तसं अ‍ॅडम्स ते गडद करत गेले आणि अखेरच्या दशकांतल्या प्रिंटांत ते जवळपास काळं झालं. या एका निगेटिव्हचे त्यांनी हजारावर प्रिंट काढले. निगेटिव्हला एक सेकंद लागला, प्रिंटचं काम पुढे कित्येक वर्षं चालू राहिलं.

डार्करूममध्ये हे हातानेच होतं. निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून खाली पाडणाऱ्या एन्लार्जरखाली कागद असतो. जो भाग उजळ ठेवायचा त्यावर तारेला लावलेला पुठ्ठ्याचा तुकडा हलवत सावली धरायची, हे डॉजिंग. जो गडद करायचा त्याला जास्त वेळ प्रकाश द्यायचा, हे बर्निंग. हात सतत हलता ठेवावा लागतो, नाहीतर पुठ्ठ्याची कड कागदावर उमटते. मग कागद डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, ट्रेमध्ये सोडायचा आणि लाल दिव्याखाली चित्र वर येताना बघत राहायचं.

अ‍ॅडम्स तरुणपणी पियानोवादक व्हायची तयारी करत होते, त्यामुळे ते म्हणत की निगेटिव्ह म्हणजे संगीतकाराने लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन. मला तर आपली बंदिश आठवते. बंदिश चार ओळींची, वहीत लिहून ठेवता येते, पण तीच बंदिश त्याच गवयाने तिशीत आणि सत्तरीत गायली तर ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या संध्याकाळी मिळतात.

मग प्रिंटमध्ये काहीही करता येतं का? नाही. सावलीतला तपशील निगेटिव्हवर उतरलाच नसेल तर कागदावर कितीही कष्ट घ्या, तिथे काळा डाग येणार. म्हणून छायाचित्रकारांचा जुना नियम आहे: एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) सावलीच्या हिशेबाने द्या, डेव्हलपिंग (रोल धुणं) उजेडाच्या हिशेबाने करा. अ‍ॅडम्स यांनी छायाचित्रकार फ्रेड आर्चर यांच्यासोबत मांडलेली झोन पद्धत (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडून प्रकाश ठरवणं) याच हिशेबाची शिस्त आहे. पुसणं मात्र त्यांनीही केलं. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाजवळच्या हिवाळी पहाटेच्या १९४४ सालच्या फोटोत टेकडीवर शाळकरी मुलांनी चुन्याने रंगवलेली दोन मोठी अक्षरं होती. ती त्यांनी काढून टाकली. मला ते खटकत नाही, पण आभाळ दाबणं आणि अक्षरं पुसणं एकाच खात्यात टाकू नये, असं नक्की वाटतं.

आज फिल्म गेली तरी गोंधळ तोच आहे. रॉ फाइल, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली फाइल, हे निगेटिव्ह आहे. ती उघडल्यावर फिकी दिसते म्हणून नवखे छायाचित्रकार हिरमुसतात, आणि एडिट केलेला फोटो पाहून बघणारे 'फोटोशॉप केलंय' म्हणत नाक मुरडतात. दोघांच्याही डोक्यात फोटो एकाच टप्प्यात होतो.

निगेटिव्हचं शेवटी काय करायचं, यावर मोठ्या माणसांचंही एकमत नव्हतं. अमेरिकन छायाचित्रकार ब्रेट वेस्टन यांनी १९९१ मध्ये आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी बहुतेक निगेटिव्ह जाळून टाकली, कारण आपला प्रिंट दुसऱ्या कुणी काढू नये असं त्यांचं ठाम मत होतं. अ‍ॅडम्स यांनी आपली निगेटिव्ह अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संग्रहाकडे सोपवली. त्यांच्या हयातीतच त्यांचे सहायक अ‍ॅलन रॉस योसेमिटीच्या काही मूळ निगेटिव्हवरून प्रिंट काढू लागले होते.

प्रदर्शनात हर्नांडेझचा चंद्र पाहायला मिळालाच, तर चित्राखालची माहितीची पट्टी वाचा. तिथे बहुधा दोन सालं असतील, एक निगेटिव्हचं, एक प्रिंटचं. दुसरं साल चाळीसच्या दशकातलं असेल तर वर आभाळात ढगांचे फिकट पट्टे शोधा. सत्तरच्या दशकातलं असेल तर तिथे जवळजवळ काळोख असेल, आणि उजळ राहिलेले असतील ते चंद्र, डोंगरावरची ढगांची एक पांढरी रांग आणि खाली क्रूस.