लोखंडाच्या आवाजाआड राहिलेली चांदी

मेटल डिटेक्टरने नैसर्गिक चांदी, म्हणजे खडकात धातूच्याच रूपात असलेली चांदी, शोधण्याचा विषय निघाला की कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातल्या कोबाल्ट या गावाचं नाव येतंच. तिथल्या शिरा, म्हणजे खडकातले चांदीचे पट्टे, १९०३ मध्ये, रेल्वेमार्गाचं काम चालू असताना उघड्या पडल्या. त्या अरुंद होत्या, पण भरगच्च. शीर काढायची तर भोवतीचा खडकही फोडावा लागे. मग चांदीचे दगड हाताने निवडायचे आणि उरलेलं शेजारी ओतायचं. या निवडीत दगडाच्या पोटातली चांदी सुटून गेली. त्याच ढिगाऱ्यांवर पुढे डिटेक्टर फिरू लागले.

लोखंडाचा आवाज बंद ठेवावा की सगळंच ऐकावं, हा खरा वाद सुरू झाला तो १९७० च्या दशकात, लोखंडावर गप्प राहणारे डिटेक्टर हाती आल्यावर. ढिगाऱ्यात खिळे, डबे, तारांचे तुकडे खच्चून भरलेले, त्यामुळे लोखंडाचा आवाज बंद करायचा मोह समजण्यासारखा आहे. माझ्या मते मात्र तिथेच सर्वांत जास्त चांदी हुकली. खाली कोणता धातू असावा हे सुचवायला डिटेक्टर एका पट्टीवर आकडा दाखवतो, पण 'चांदीचा आकडा' हा शब्दच दिशाभूल करतो. तो आकडा नाण्यांवरून ठरलेला आहे. चांदी विजेची उत्तम वाहक, म्हणून नाणं पट्टीच्या वरच्या टोकाला दिसतं. खडकातली चांदी तशी नसते. कॅल्साइट या खनिजात ती पानांसारखी, फांद्यांसारखी पसरलेली असते, धागे एकमेकांना धड जोडलेले नसतात, शिवाय तिच्यात पारा किंवा अँटिमनी मिसळलेलं असू शकतं. डिटेक्टर धातूत जो विजेचा प्रवाह उठवतो त्याला मोठं वर्तुळ मिळत नाही आणि आकडा घसरत घसरत अॅल्युमिनियम फॉइलच्या, कधी थेट लोखंडाच्या घरात जातो. भरीव गोळा तेवढा नाण्यासारखा बोलतो.

उलट बाजूलाही तथ्य आहे. निकेल आणि कोबाल्ट या धातूंची आर्सेनिकयुक्त खनिजं त्याच खालच्या पट्ट्यात वाजतात, त्यामुळे सगळंच ऐकणाऱ्याला पुष्कळ फुकट खणावं लागतं. पल्स इंडक्शन यंत्रं, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचे छोटे झटके सोडणारे डिटेक्टर, खोलवर पोहोचतात, पण खिळा आणि चांदी यांच्यात फारसा फरक करत नाहीत.

जानेवारी १९८० मध्ये चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेला आणि हुकलेल्या प्रत्येक दगडाची किंमत नव्याने दिसली. ढिगाऱ्यांमधली खडी रस्त्यांच्या भरावासाठीही वापरली गेली आहे. त्यामुळे ढिगारा सपाट झाला तरी शोध संपत नाही, तो रस्त्याच्या कडेला सरकतो.